मायकोरायझा: मूळबुरशी, मूलकवक की कवकमूल?

प्रश्न असा आहे: ‘मायकोरायझामुळे लिंबूवर्गीय रोपं दुष्काळ सहन करतात’ या वाक्यात मायकोरायझाला, म्हणजे झाडाचं मूळ आणि बुरशी यांच्या एकमेकांना उपयोगी जोडीला, मराठी शब्द कोणता? ‘मूळबुरशी’ चालेल का?

‘मूळबुरशी’ मला खटकतो. बागेत बुरशीचं नाव निघतं ते मूळकुज नाहीतर डिंक्या अशा रोगांच्या निमित्ताने, आणि पाठोपाठ बुरशीनाशक येतं. त्यामुळे हा शब्द ऐकताच एखादा रोग डोळ्यांपुढे येतो. ‘कवक’ला तो डाग नाही. संस्कृतात कवक म्हणजे भूछत्र. मनुस्मृतीत लसूण-कांद्याच्या पंगतीला कवकंही वर्ज्य आहेत. आजच्या परिभाषेत हाच शब्द साऱ्या बुरशीवर्गासाठी चालतो.

खरी गंमत पुढे आहे. १८८५ साली आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने ग्रीक ‘मायकेस’ (भूछत्र) आणि ‘रायझा’ (मूळ) जोडून हा शब्द घडवला. त्याने नाव दिलं ते कवकाला नव्हे, तर कवक आणि मूळ मिळून बनलेल्या जोड-अवयवाला. समासात मुख्य पद शेवटी, म्हणून त्याचा नेमका प्रतिशब्द ‘कवकमूल’. ‘मूलकवक’ म्हणजे मुळाशी राहणारं कवक. रोपवाटिकेत ‘मायकोरायझा टाकला’ म्हणतात, तेव्हा मातीत पडतं ते मूलकवक, बहुधा त्याचे बीजाणू. मायकोरायझा पुढे मुळात घडतो. हा फरक मराठीत दोन शब्दांनी इतका स्वच्छ दाखवता येतो, याचा मला फार आनंद वाटतो.

लिंबूवर्गात हा भेद विशेष उपयोगी आहे. या झाडांची मूळरोमं, म्हणजे मुळांवरचे बारीक केस, तोकडी आणि विरळ असतात, त्यामुळे त्यांचं बरंचसं काम कवकतंतू करतात. हे तंतू काही मायक्रोमीटर जाडीचे, म्हणून मूळ शिरू शकत नाही अशा मातीच्या फटींतून ते पाणी आणि फॉस्फरस आणतात. माती सुकत जाते तसा फॉस्फरस मुळापर्यंत पोचेनासा होतो, तेव्हा ही मदत जास्तच मोलाची. बदल्यात कवकाला झाडाकडून साखर मिळते.

आणि ‘दुष्काळ’ही बदलायला हवा. दुष्काळ मुलखावर पडतो. रोपाला बसतो तो पाण्याचा ताण.

तर मी वाक्य असं लिहीन: ‘मूलकवक दिलेल्या लिंबूवर्गीय रोपांत कवकमूल तयार होतं आणि ती पाण्याचा ताण अधिक सोसतात.’