पगाराचे वाद झाले की फुटबॉल संघ मैदानावर का ढासळतो?

कारण खेळाडूच उरत नाहीत. फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचा पगार थकला, तर खेळाडू क्लबला लेखी कळवून १५ दिवसांची मुदत देतो. तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडून मोकळा. वर क्लबवर नवे खेळाडू नोंदवायची बंदीही येऊ शकते. जुने गेले, नवे घेता येत नाहीत, अशी दोन्हीकडून कोंडी.

आपण पुणेकरांनी हे जवळून पाहिलंय. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी पैशांच्या अडचणीत सापडून २०१९मध्ये बंद पडला आणि आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) जागा हैदराबादच्या नव्या क्लबला गेली. माझी केशरी जर्सी अजून कपाटात घडी घालून ठेवलेली आहे, टाकवत नाही.

तोच हैदराबाद २०२२मध्ये विजेता झाला. मग पगार थकले, बंदी आली, परदेशी आणि अनुभवी खेळाडू एकेक करून निघून गेले. २०२३-२४चा उरलेला हंगाम बहुतांशी तरुण पोरांवर काढावा लागला आणि संघ तळाला राहिला. बचावफळी तर सवयीवर चालते हो! शेजारचा कधी पुढे सरकेल हे न बघता कळावं लागतं, आणि दर आठवड्याला शेजारी बदलला तर ते कुठून कळणार?