महाबळेश्वरहून आणलेल्या निळ्या हायड्रेंजियाला साताऱ्यात गुलाबी फुलं आली आणि पानंही पिवळी पडताहेत. नर्सरीवाल्याने दुसरंच रोप दिलं असेल का?

नाही हो, रोप तेच आहे. बदललं ते माती-पाणी.

महाबळेश्वर-पाचगणीची तांबडी, जांभ्याची माती आम्लधर्मी. तिथल्या पावसाने तिच्यातला चुना कधीच धुऊन नेलाय. अशा मातीतलं ॲल्युमिनियम मुळांना मिळतं, म्हणून फूल निळं. आपण साताऱ्यात कुंडीत भरतो काळी, चुनखडीची माती आणि वर ओततो बोअरचं जड पाणी. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला असेल तर बघा, तोच तो चुना. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; जितका कमी तितकी माती आम्ल) साधारण ५.५ च्या खाली असेल तर निळा रंग, ६.५ च्या वर गेला की गुलाबी आणि अधेमधे जांभळट. पांढऱ्या जातीला मात्र काहीही घाला, ती निळी होत नाही.

पिवळ्या पानांच्या शिरा हिरव्याच राहिल्यात ना? मग तेही चुन्याचंच काम. लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड फेरस, म्हणजे झाडाला सहज घेता येईल असं लोह, आणून पुडीवरच्या प्रमाणात पानांवर फवारा. पण खरा उपाय म्हणजे कुंडीच बदला: तांबडी माती, कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं शेणखत, तळाला मोकळी भोकं. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी पिंपात धरून ठेवा, या झाडाला ते मानवतं.

निळ्याचाच हट्ट असेल तर कळ्या दिसण्याच्या बऱ्याच आधीपासून लिटरभर पावसाच्या पाण्यात दोन-तीन ग्रॅम तुरटी विरघळवून, ओल्या मातीत, पंधरा दिवसांतून एकदा द्या. हाडांचं खत टाळा, त्यातलं फॉस्फरस ॲल्युमिनियमला अडवतं. उमललेल्या फुलाचा रंग काही बदलत नाही. मी स्वतः या भानगडीत पडत नाही, गुलाबीही झकास दिसतं.

रंगापेक्षा जागेकडे लक्ष द्या. सकाळचं कोवळं ऊन आणि अकरानंतर सावली. एप्रिलमध्ये दुपारी पानं मान टाकतात, तेव्हा लगेच पाण्याचा मग घेऊन धावू नका. आधी बोट खुपसून बघा. खाली ओल असेल तर संध्याकाळी झाड आपोआप ताठ होतं, उगाच पाणी ओतलं तर मुळं कुजतात. सांगली-मिरजेकडे उन्हाळा आणखी कडक, तिथे भिंतीचा आडोसा हवाच.

छाटणीचं माळ्याला बजावून ठेवा. पावसाळा संपला की तो गुलाबाबरोबर यालाही कात्री लावतो आणि मग वर्षभर नुसती पानं. पुढची फुलं जुन्या फांदीच्या टोकालाच येतात. म्हणून फूल सुकल्यावर लगेच, खालच्या टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीपर्यंतच कापायचं.

आणि घरात कुत्रं किंवा शेळी असेल तर कुंडी उंचावर ठेवा, याची पानं-फुलं विषारी असतात.