परसात बर्फाचे मैदान होईल का?

प्रश्न : माझा मुलगा कॅनडात एडमंटन येथे राहतो. गेल्या हिवाळ्यात मुलांना स्केटिंग करता यावे म्हणून त्याने घरामागच्या मोकळ्या जागेत लहानसे आइस रिंक करायला घेतले, परंतु सोडलेले पाणी बरेचसे जमिनीत मुरले आणि उरलेल्याचा खडबडीत, पोकळ बर्फ झाला. नातवंडे या डिसेंबरात डिचोलीला येणार असून आपल्या परसातही असे रिंक करावे, असा त्यांचा हट्ट आहे. कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणून ते करता येईल का? जानेवारीत आम्ही उभयता त्यांच्याबरोबर तिकडे जाणार आहोत. तेव्हा मुलाला या कामी कशी मदत करावी, हेही कृपया सांगावे.
— एक आजोबा, डिचोली

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी द्यावे लागत आहे. मुलांना त्याचे कारण समजावून सांगता यावे, म्हणून थोडे गणित मांडतो. चार मीटर रुंद व सहा मीटर लांब जागेवर पाच सेंटिमीटर जाडीचा बर्फ करायचा तर सुमारे १,१०० लिटर पाणी लागते. हे पाणी २५ अंशांवरून शून्यावर आणण्यासाठी प्रत्येक ग्रॅममागे २५ कॅलरी उष्णता काढावी लागते, आणि शून्यावर आलेल्या त्याच पाण्याचा बर्फ होण्यासाठी आणखी ८० कॅलरी. एकूण हिशेब विजेच्या मापात सुमारे १३० युनिटांवर (किलोवॉट-तासांवर) जातो. उलट, आपल्याकडे हिवाळ्यातल्या निरभ्र दिवशीही प्रत्येक चौरस मीटरवर उन्हातून पाच युनिटांच्या आसपास उष्णता येते, म्हणजे २४ चौरस मीटरवर रोज सुमारे १२० युनिट. बर्फ त्यातली काही परतवतो हे खरे, तरीही महत्प्रयासाने काढलेली उष्णता एकदोन दिवसांत परत येऊन बसणार.

छप्पर घातले तरी गोव्याची दमट हवा उरतेच. थंड पेल्यावर पाणी धरते तसे ते बर्फावरही धरते, आणि वाफेचे पाणी होताना इतकी उष्णता सुटते, की एक ग्रॅम दव सात ग्रॅमांहून अधिक बर्फ वितळवू शकते. शिमल्याला १९२० पासून उघड्यावरचे नैसर्गिक रिंक चालते ते सुमारे २,२०० मीटर उंचीवरच्या कोरड्या, कडाक्याच्या थंडीमुळे. तेथेही रात्र ढगाळ असली की बर्फ नीट धरत नाही. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटेसुद्धा पारा २० अंशांच्या आसपास असतो.

लाद्यांचा विचार तर मुळीच करू नये. मालीमच्या जेटीवर मासळीसाठी येणारा बर्फ आपण पाहिलाच असेल. लाद्या शेजारी शेजारी मांडल्या तरी सांधे सर्वांत आधी वितळतात, आणि त्या फटीत स्केटचे पाते अडकले तर मूल तोंडावर आपटेल. शिवाय तो बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही, आणि लहान मुले बर्फ तोंडात घातल्यावाचून राहत नाहीत.

परसात सिमेंटचा कोबा असेल तर चाकांच्या स्केटची सोय मात्र उत्तम होईल. एका ओळीत चाके असलेल्या इनलाइन स्केटवर तोल सावरण्याची आणि पाय बाजूला रेटून पुढे जाण्याची रीत बर्फावरच्या रीतीला बरीच जवळची आहे. पावसाळ्यात धरलेले शेवाळ मुले येण्यापूर्वी ब्लीचिंग पावडर टाकून, घासून काढावे आणि कोबा पूर्ण वाळू द्यावा. उघडे चिरे असलेला कठडा जवळ असेल तर त्यावर जुन्या गाद्या बांधाव्यात. हेल्मेट आणि मनगट, कोपर व गुडघे झाकणारी साधने नसतील, तर स्केट पायात घालू देऊ नयेत.

आता एडमंटनविषयी. आपल्या मुलाची चूक पाण्यात नसून जमिनीत असावी, असे मला वाटते. पाणी आपली पातळी स्वतः शोधते. सहा मीटर लांबीत जमीन दहा सेंटिमीटर उतरत असेल, तर वरच्या टोकाला आठ सेंटिमीटर बर्फ मिळवण्यासाठी खालच्या टोकाला अठरा सेंटिमीटर पाणी उभे करावे लागते, आणि त्याचा सारा दाब तिथल्या फळीवर येतो. म्हणून आपले गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घेतात, तशी ती जमीन गोठण्यापूर्वीच घ्यावी. मग चारही बाजूंना फळ्या उभ्या करून बाहेरून खुंट्यांचा आधार द्यावा आणि आत जाड, अखंड, शक्यतो पांढरे प्लास्टिक अंथरावे. गडद रंगाचे प्लास्टिक ऊन शोषून घेते आणि बर्फ खालून सुटतो. जानेवारीत आपण पोहोचाल तेव्हा जमीन दगडासारखी झालेली असेल, त्यामुळे खुंट्या ठोकण्याचे काम मुलाने ऑक्टोबरातच उरकावे. प्लास्टिक मात्र पाणी सोडायच्या वेळीच अंथरावे, नाहीतर त्यात पाने आणि बर्फ साचतो.

पाणी सोडण्याची घाई करू नये. पुढचे काही दिवस तापमान सतत उणे पाच अंशांच्या खाली राहील असा हवामानाचा अंदाज आला, की हवे तेवढे पाणी एकदमच भरावे. प्लास्टिकवर थोडे थोडे पाणी घातले तर आधीच्या बर्फाखाली पोकळी राहते. गेल्या वर्षीचा पोकळ बर्फ बहुधा पाणी खालून मुरून गेल्यामुळे झाला असावा. पाणी तळापर्यंत गोठल्याची खात्री मोठ्या माणसाने कडेला भोक पाडून करावी, आणि तोवर मुलांना आत सोडू नये. आइस हॉकीचा विख्यात खेळाडू वेन ग्रेट्झ्की ब्रँटफर्ड गावी वडिलांनी परसात केलेल्या अशाच रिंकवर स्केटिंग शिकला, हे नातवंडांना जरूर सांगावे.

आपण स्वतः करण्याजोगे काम रोजच्या निगेचे आहे. पडलेला हिमाचा थर लगेच बाजूला ओढावा, कारण तो गोधडीसारखा काम करतो आणि खालचा बर्फ घट्ट होऊ देत नाही. पात्यांनी पडलेले चरे बुजवण्यासाठी रात्री मुले घरात गेल्यावर गरम पाण्याचा अगदी पातळ थर द्यावा. गरम पाणी वरचा पृष्ठभाग किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होते. जाड तळव्याचे, न घसरणारे बूट घालूनच बर्फावर उतरावे. काम संपल्यावर रबरी नळीतले सर्व पाणी काढून ती घरात आणून ठेवावी, कारण बाहेर राहिलेली नळी सकाळपर्यंत आतून गोठते आणि दुसऱ्या दिवशी पाणी देता येत नाही.