बाइकचा रेडिओ उघडण्याआधी

रेडिओ बंद पडला म्हणून लगेच त्याचे स्क्रू काढू नकोस. आधी फ्यूज बघ, मग मल्टिमीटरने रेडिओच्या प्लगवर व्होल्टेज मोज. इंजिन बंद असताना १२च्या थोडं वर आणि चालू असताना साधारण १४ दिसायला हवं. बहुतेक रेडिओंना दोन पॉझिटिव्ह वायरी असतात, एक कायम चालू, दुसरी चावीवर. स्टेशनं विसरतोय? पहिलीवर संशय घे.

अर्थिंग, म्हणजे निगेटिव्ह वायर बाइकच्या फ्रेमला जोडलेली जागा, तर मी सगळ्यात आधी घासतो. गंज असला की आवाज चिरकतो.

हे सगळं ठीक असेल तरच बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडव आणि रेडिओ उघड. हादऱ्यांनी कनेक्टरजवळचं सोल्डर तडकतं. भिंगाखाली टाक्याभोवती बारीक गोल चीर दिसेल. तिथे फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायची पेस्ट) लावून पुन्हा टाका मार. फ्यूज उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा कधीच घालू नकोस, वायरिंग जळेल.