कोल्हापुरात महाद्वार रोडवर खिशातून मोबाईल चोरीला गेला, राहतो राजारामपुरीत. तक्रार कुठल्या पोलीस ठाण्यात द्यायची?

कुठल्याही ठाण्यात द्या. घटनेची हद्द जुना राजवाडा ठाण्याची असली, तरी राजारामपुरीतही शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून पुढे पाठवता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं) कलम १७३ तसंच सांगतं. तक्रार ऑनलाईन दिली तर ३ दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते.

खरी गफलत होते ती एका शब्दात. घाईत ‘गहाळ’ लिहिलं जातं, मग तपासही नाही आणि विमाही अडतो. ‘शर्टाच्या वरच्या खिशातून चोरला’ असं स्पष्ट लिहा. वेळ, जागा, खोक्यावरचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि बिल जोडा. किंमत ५००० रुपयांच्या आत असेल तर गुन्हा अदखलपात्र (न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असा) ठरू शकतो, म्हणून बिल हवंच. गुन्ह्याच्या नोंदीची प्रत फुकट मिळते, ती घेऊनच बाहेर पडा. सीईआयआर या सरकारी संकेतस्थळावर फोन बंद करायलाही तीच लागते.

नोंद घेतलीच नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा.

आणि कंटाळा करू नका हो. चोऱ्या कागदावर आल्या तरच त्या गल्लीत, त्या वेळेला गस्त वाढते.