बाई, वर्ग ऐकतच नाही!
(वाचक शिक्षकांचे प्रश्न आणि उत्तरं)

प्रश्न : नमस्कार ताई. मी सातवीला गणित शिकवते, वर्गात 54 मुलं आणि माझा तास नेमका मधल्या सुट्टीनंतर. आत गेलं की बाजार भरल्यासारखा गोंधळ. गप्प बसा गप्प बसा करून घसा बसतो, मॉनिटरला फळ्यावर नावं लिहायला लावते, कधीकधी बाहेर उभं करते, पण दुसऱ्या दिवशी तीच मुलं तेच करतात. शेजारच्या वर्गातले सर साधा आवाजही चढवत नाहीत तरी मुलं कामात असतात. मी कडक नाही म्हणून असं होतं का?
— एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : कडक असण्याचा आणि याचा फारसा संबंध नाहीये ताई. जेकब कुनिन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांना आधी हेच शोधायचं होतं की शिक्षक रागावतात कसं आणि कुठल्या रागावण्याचा परिणाम होतो. त्यासाठी त्यांनी कितीतरी वर्गांचं व्हिडिओ शूटिंग केलं, आणि निघालं काय, तर शांत वर्गातले शिक्षक आणि गोंधळी वर्गातले शिक्षक यांच्या रागावण्यात सांगण्यासारखा फरकच नाही! फरक होता तो गोंधळ व्हायच्या आधी काय करतात यात. 1970 मध्ये त्यांचं पुस्तक आलं त्यात हे सगळं आहे. शांत वर्गाच्या शिक्षकाला पाठीलाही डोळे असतात असं मुलांना वाटतं, फळ्यावर लिहितानाही मागे काय चाललंय हे त्याला माहीत असतं, आणि एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना मध्ये रिकामी जागा राहत नाही. तुमच्या शेजारच्या सरांचा तास मागच्या बाकावर बसून एकदा बघाच, आणि सर काय शिकवतात ते सोडा, मुलांचे हात रिकामे कधी असतात तेवढं बघा.

आता तुमचा तास. मुलं पाणी पिऊन, घामाघूम होऊन येतात, तुम्ही हजेरी घेता, डस्टर शोधता, कालच्या वह्या वाटता. ही सुरुवातीची पाच-सात मिनिटं 54 मुलांना करायला काहीच नाही, मग ती बोलणारच ना, आपण शिक्षक मीटिंगला जमतो तेव्हा वेगळं काय करतो! म्हणून मुलं आत यायच्या आधी फळ्यावर तीन उदाहरणं लिहिलेली हवीत. एक कालचं, एक गेल्या आठवड्यातलं, एक मागच्या महिन्यातलं. आलं की बसायचं आणि सोडवायला घ्यायचं, रोज, न सांगता. हजेरी त्याच वेळात उरकते. यात दुसराही फायदा आहे, रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं होतं की तोच धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून लिहिलं तर काही दिवसांनी ते जास्त लक्षात राहतं. म्हणजे उजळणी पण झाली आणि वर्ग पण बसला. पहिला आठवडा जड जाईल, सवय लागेपर्यंत मुलं तुमच्या तोंडाकडे बघत बसतील, पण सोडू नका.

सूचना एका वेळी एकच द्या हो. "वह्या काढा, समास आखा, पुस्तकातलं तिसरं उदाहरण बघा आणि ज्यांचं काल राहिलंय त्यांनी ते आधी करा" असं एका दमात म्हटलं की अर्ध्या वर्गाच्या डोक्यात पहिलंच राहत नाही आणि मग "बाई, काय करायचंय?" सुरू होतं. ते हट्टाने विचारत नसतात, डोक्यात एका वेळी मावतंच थोडं.

आणि ते गप्प बसा. 1968 मध्ये अमेरिकेत पहिलीच्या वर्गांवर एक मजेशीर प्रयोग झाला होता. मुलं उठून उभी राहिली की शिक्षक म्हणायच्या "खाली बस". हे जास्त वेळा म्हणायला सांगितलं, तर उभी राहणारी मुलं वाढली! म्हटल्यावर पोरगं तेवढ्यापुरतं बसतं, म्हणून बाईंना वाटतं उपयोग झाला, पण त्याला मिळालं काय तर बाईंचं लक्ष. मग बसून काम करणाऱ्यांचं कौतुक सुरू केलं तेव्हा उभं राहणं कमी झालं. फळ्यावर नाव लिहिणं म्हणजे तर अख्ख्या वर्गासमोर प्रसिद्धीच, ते आजच बंद करा. बोलणाऱ्या मुलाचं नावही न घेता शिकवत शिकवत त्याच्या बाकापाशी जाऊन उभं राहा, वहीतल्या चुकलेल्या पायरीवर बोट ठेवा आणि पुढे चला. बोलायचंच असेल तर तास संपल्यावर, एकट्याशी.

बाहेर उभं करणं मात्र नकोच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये मारण्याबरोबर मानसिक त्रासालाही मनाई आहे, आणि शिवाय ज्याला गणित येत नाही त्याला बाहेर उभं राहणं बक्षीसच वाटतं की. त्या "तीच मुलं" मधल्या किती जणांना भागाकार येतो हे एकदा गुपचूप तपासा. सातवीत समीकरणं चालू आहेत आणि चौथीचा भागाकार अडतोय, अशा मुलाला हुशार दिसता येत नाही, मग तो निदान दांडगट तरी दिसतो. तीनपैकी पहिलं उदाहरण त्याला नक्की जमेल असं ठेवा.

54 चा आकडा मात्र तुमच्या हातात नाही. कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, मुख्याध्यापकांना लेखी द्या, तोंडी नको.

प्रश्न : दुसरीच्या मुलांना वाचनासाठी स्टार आणि चॉकलेट देतो. सुरुवातीला मस्त चाललं, आता मुलं विचारतात, "सर, आज काय मिळणार?" काय करू?
— एक शिक्षक, नाशिक

उत्तर : सर, व्हायचं तेच झालंय. 1973 मध्ये लेपर वगैरे संशोधक मंडळींनी ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशी बालवाडीतली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर छान रिबीनवालं सर्टिफिकेट देऊ. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांच्या निम्म्यानेच चित्रं काढत होती. पण ज्यांना न सांगता अचानक सर्टिफिकेट दिलं त्यांची आवड कमी झाली नाही. म्हणून गोष्टीच्या पुस्तकाला चॉकलेट नको, वर्ग आवरणं वगैरे कंटाळवाण्या कामाला चालेल. आता एकदम बंद करू नका, स्टार हळूहळू कमी करा, आणि नुसतं शाब्बास म्हणण्यापेक्षा "जोडाक्षर आलं तरी थांबली नाहीस" असं नेमकं सांगा. मी स्वतः चॉकलेटच्या विरोधातच आहे, दातांसाठीसुद्धा.

प्रश्न : मी बी.एड. करतेय. मुलं कशी शिकतात हे सांगणारे पियाजे, व्हायगॉट्स्की हे मानसशास्त्रज्ञ फक्त पेपरात लिहायला असतात का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुला अगं म्हटलं तर चालेल ना? अगं, अपूर्णांक शिकवताना कागदाची घडी घालायला लावतेस ते पियाजे, आणि अडलेल्या मुलाला अख्खं उत्तर न सांगता फक्त पुढची पायरी सुचवतेस ते व्हायगॉट्स्की. नावं पेपरात लिही, काम वर्गात होतंच. पण सराव पाठात लगेच वापरता येईल असं हवं असेल तर मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचं घे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात, हे त्यांनी कितीतरी वर्गांत मोजलं. ते तीन सेकंद केलं तर उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. मागे निरीक्षक बसलेले असताना हे तीन सेकंद फार मोठे वाटतात, तर प्रश्न विचारून झाला की खडू खाली ठेवायचा आणि मनात तीन मोजायचे. मध्येच गप्प का झालीस असं विचारलं तर मेरी बड रो हे नाव सांग, मार्क वाढतील!