ले-आऊटच्या (प्लॉट पाडून वसवलेल्या वस्त्यांच्या) बागांमधले झुले का गायब होत आहेत?

मुख्य कारण जागा. झुला खांबांपुरता दिसतो, पण त्याला मोकळी जागा फार लागते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शनानुसार टांगणीच्या उंचीच्या दुप्पट अंतर पुढे आणि तेवढंच मागे रिकामं हवं. म्हणजे ८ फूट उंच झुल्याला १६ अधिक १६, सरळ ३२ फूट! शिवाय खाली वाळू किंवा रबर. नागपूरच्या ले-आऊटमधल्या छोट्या बागेत एवढ्या जागेत घसरगुंडी, सी-सॉ आणि ग्रीन जिमची चार यंत्रं बसतात. उद्घाटनाच्या फोटोतही तीच भरगच्च दिसतात, हे वेगळं सांगायला नको.

दुसरं म्हणजे देखभाल. झुल्याचा भार सतत हलता, त्यामुळे कड्या आणि हुक घासून झिजतात. संध्याकाळी त्यावर मोठी माणसंही बसतात. एक कडी तुटली की साखळी काढून ठेवतात, सांगाडा तसाच राहतो. मेच्या उन्हात तर ती साखळी हातात धरवतही नाही.

तुमच्या बागेत झुला हवा असेल तर आधी टेप घेऊन जागा मोजा आणि नगरसेवकाकडे मापासकट अर्ज द्या. लाकडी किंवा लोखंडी पाटाऐवजी रबरी पट्ट्याची बैठक मागा. डोक्याला लागली तरी इजा कमी होते.